इझनिक (प्राचीन निकाया) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुर्कस्तानला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी इस्तंबूल, कापाडोक्या आणि पामुक्कले करून परततात. इझनिकचा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, "हे कुठं आलं?" आणि एकदा माहिती कळली की मग प्रश्न थांबत नाहीत. मी या गावावर बोलायला लागल्यापासून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे तसं सांगितलं आहे.

इझनिक नक्की कुठे आहे? इझमीर, इझमित आणि इझनिक यांत कायम घोटाळा होतो.

इझनिक हे वायव्य तुर्कस्तानातलं, बुर्सा प्रांतातलं तालुक्याचं गाव आहे. इझनिक नावाच्याच तळ्याच्या पूर्व टोकाला ते वसलंय. तळं मोठं आहे, सुमारे ३२ किलोमीटर लांब आणि जवळजवळ ३०० चौरस किलोमीटर पसरलेलं. त्याच्याभोवती ऑलिव्हच्या बागा आहेत.

इझमीर हे एजियन समुद्रावरचं मोठं बंदर, इथून शेकडो किलोमीटर नैऋत्येला. इझमित हे मार्मारा समुद्राच्या आखाताच्या टोकाचं औद्योगिक शहर, इझनिकच्या उत्तरेला. इझमितचं जुनं नाव निकोमेडिया. निकाया आणि निकोमेडिया यांच्यात "प्रांतातलं पहिलं शहर कोण" यावरून रोमन काळात कडाक्याची चुरस होती. तिकीट काढताना स्पेलिंग दोनदा वाचा, एवढंच सांगेन. उच्चारात 'झ' हा 'माझा'मधला.

निकाया, निसिया, इझनिक ही एकाच गावाची नावं आहेत का?

हो. अलेक्झांडरचा सरदार अँटिगोनस याने इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या शेवटी इथे शहर वसवलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. पुढे लायसिमाकस या दुसऱ्या सरदाराने ते जिंकलं आणि आपल्या बायकोच्या, निकाइयाच्या नावाने त्याला निकाया म्हटलं. 'निसिया' हा त्याचाच लॅटिनमार्गे आलेला उच्चार.

इझनिक हे नावही त्यातूनच आलं. ग्रीकमध्ये 'निकायाला', 'निकायाकडे' म्हणायचं तर 'इस निकाइयान'. ऐकणाऱ्यांनी तेच नाव म्हणून उचललं. कुणी परक्याने "पुण्याला चाललो" ऐकून गावाचं नाव 'पुण्याला' असंच धरून बसावं, तसं. इस्तंबूल हे नावही याच पद्धतीने, 'शहराकडे' या अर्थाच्या ग्रीक शब्दांतून आलंय असं मानतात.

एवढ्याशा गावाला इतकं महत्त्व कशामुळे?

कारण इथे एकावर एक इतिहास साचलाय. ग्रीकांनी आखलेलं शहर, रोमन तटबंदी, ख्रिस्ती धर्माच्या दोन सार्वत्रिक परिषदा (सन ३२५ आणि ७८७), सेल्जुक तुर्कांची राजधानी, निर्वासित बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) सम्राटांची राजधानी, ऑटोमनांचा पहिला मदरसा, आणि सोळाव्या शतकात जगातल्या सर्वांत सुंदर चित्रित फरश्या. हे सगळं पाच किलोमीटरच्या तटाच्या आत. गाव आजही बरंचसं त्या तटाच्या आतच राहतं. आतमध्ये घरं आहेत आणि परसबागाही, भाज्या आणि फळझाडं लावलेल्या.

३२५ सालची परिषद कशासाठी भरली होती? तिथे ठरलं काय?

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने साम्राज्यातल्या बिशपांना इथे बोलावलं. परंपरा ३१८ बिशपांचा आकडा सांगते. तिथे हजर असलेला युसेबियस हा इतिहासकार-बिशप २५० हून अधिक म्हणतो.

मुख्य वाद अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूवरून होता. त्याचं म्हणणं, पुत्र म्हणजे ख्रिस्त हा पित्याने निर्माण केलेला आहे, म्हणजे तो पित्याच्या बरोबरीचा नाही. परिषदेने हे फेटाळलं आणि पुत्र 'पित्याशी एकतत्त्व' आहे असं सांगणारी श्रद्धाघोषणा मंजूर केली. दोन बिशपांनी शेवटपर्यंत नकार दिला, आणि एरियसबरोबर त्यांनाही हद्दपारी झाली. इस्टर सगळीकडे एकाच रविवारी साजरा करावा, तो ठरवायला ज्यूंच्या पंचांगावर अवलंबून राहू नये, असंही ठरलं. शिवाय २० नियम झाले. धर्मगुरूंनी व्याज घेऊ नये हा त्यातलाच एक.

वाद मात्र तिथे मिटला नाही, पुढची पन्नास-साठ वर्षं धुमसत राहिला.

आम्ही वसईचे. रविवारच्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) म्हणतो ती श्रद्धाघोषणा इथलीच का?

मूळ इथलंच, पण आज जो पूर्ण मजकूर म्हटला जातो तो ३८१ सालच्या कॉन्स्टंटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) परिषदेशी जोडलेला, विस्तारलेला मजकूर आहे. ३२५ चा मजकूर पवित्र आत्म्याचा नुसता उल्लेख करून थांबतो. त्यानंतरची वाक्यं, म्हणजे चर्च, बाप्तिस्मा, मृतांचं पुनरुत्थान हा भाग नंतरचा. (मिस्सेत कधीकधी प्रेषितांची छोटी श्रद्धाघोषणा म्हणतात, ती वेगळी.)

हा प्रश्न वसईहून आणि गोव्याहून इतक्यांदा येतो की मला त्याचं फार अप्रूप वाटतं. दर रविवारी तोंडात असलेल्या ओळी जिथे पहिल्यांदा जुळल्या ते गाव डोळ्यांनी बघायचं, ही ओढ मला पूर्ण समजते.

बायबलमध्ये कोणती पुस्तकं घ्यायची हे इथेच ठरलं, असं वाचलंय. खरं का?

नाही. परिषदेच्या वीसही नियमांत तसं काही नाही. कोणते ग्रंथ प्रमाण मानायचे हे अनेक शतकांत, ठिकठिकाणी, हळूहळू ठरत गेलं. संत निकोलसने भर सभेत एरियसच्या थोबाडीत मारली ही गोष्टही सांगतात. ती फार नंतरची दंतकथा आहे.

परिषद भरली ती इमारत आज बघता येते का?

नाही, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. ३२५ ची परिषद सम्राटाच्या राजवाड्यात भरली होती. तो राजवाडा आज उभा नाही. बरेच प्रवासी गावाच्या मध्यावरच्या आयासोफ्या या जुन्या चर्चच्या इमारतीत जाऊन "इथेच ती परिषद झाली" म्हणून फोटो काढतात. आयासोफ्याचा संबंध ७८७ च्या परिषदेशी आहे (पुढचा प्रश्न पाहा). तळ्यातल्या चर्चबद्दलही असाच गैरसमज आहे. त्याचं उत्तर त्याच्या प्रश्नात दिलंय.

आयासोफ्या तर इस्तंबूलला आहे ना? आणि इथली आयासोफ्या मशीद की संग्रहालय?

नाव एकच, 'पवित्र प्रज्ञा' या अर्थाचं. इमारती वेगळ्या. इझनिकची आयासोफ्या लहान आहे, विटांची, बसकी, आणि रस्त्याच्या पातळीपेक्षा बरीच खाली. चार-पाच पायऱ्या उतरावं लागतं इतकी शहराची जमीन शतकांत वर चढली आहे.

७८७ साली सातवी सार्वत्रिक परिषद इथे झाली. प्रश्न होता, संतांच्या आणि ख्रिस्ताच्या प्रतिमांना मान द्यावा की ती मूर्तिपूजा? आदल्या वर्षी कॉन्स्टंटिनोपलमध्ये भरलेली सभा प्रतिमाविरोधी सैनिकांनी उधळली, म्हणून सम्राज्ञी आयरीनने ती इथे हलवली. निर्णय असा झाला की प्रतिमेला आदर द्यावा, आराधना मात्र फक्त देवाची. प्रतिमेला दिलेला मान मूळ रूपाला पोहोचतो, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे ज्या घरात देव्हारा आहे त्या घरातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

१३३१ मध्ये ऑटोमन सुलतान ओरहानने गाव घेतल्यावर चर्चची मशीद झाली. आगीत नुकसान झाल्यावर सोळाव्या शतकात प्रसिद्ध ऑटोमन वास्तुकार मिमार सिनानने ती दुरुस्त केली. विसाव्या शतकात ती पडीक झाली, नंतर संग्रहालय म्हणून राहिली, आणि २०११ पासून पुन्हा मशीद आहे. त्यामुळे नमाजाची वेळ टाळून जा. बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यावी. जुन्या मोझाइक फरशीचा तुकडा राखून ठेवलाय, तो पायाखालून निसटू देऊ नका.

तळ्यात बुडालेलं चर्च खरंच दिसतं का?

आता दिसतं, आणि पूर्वीपेक्षा जास्त दिसतं. २०१४ मध्ये हवाई छायाचित्रांत तळ्याच्या काठाजवळ, दीड-दोन मीटर पाण्याखाली एका बॅसिलिकाचा (लांबट आकाराच्या जुन्या चर्चचा) आराखडा दिसल्याचं जाहीर झालं. तीन भागांत विभागलेला सभामंडप आणि पूर्वेला अर्धवर्तुळ, असा स्वच्छ नकाशा. काठावरचे लोक इतकी वर्षं त्याच पाण्यात पोहत होते. इमारत ७४० च्या मोठ्या भूकंपात कोसळली आणि मग तळ्याच्या पाण्याने तिला झाकलं, असा अंदाज आहे.

अलीकडच्या वर्षांत तळ्याचं पाणी मागे हटलंय आणि दगड उघडे पडलेत. पुरातत्त्वाला ते सोयीचं आहे, पण ज्या तळ्यावर शेती आणि मासेमारी जगते त्या तळ्यासाठी ती वाईट बातमी आहे.

परिषदेला १७०० वर्षं झाली म्हणून २८ नोव्हेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे आणि कॉन्स्टंटिनोपलचे पॅट्रिआर्क (ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्मप्रमुख) बार्थोलोम्यू यांनी या अवशेषांजवळ एकत्र प्रार्थना केली. त्यानंतर "म्हणजे परिषद इथेच झाली ना?" असं विचारणारे वाढले. हे चर्च परिषदेनंतर बांधलेलं मानतात. संत निओफितोस या तरुण हुतात्म्याच्या स्मरणार्थ ते उभारलं असावं, असं एक मत आहे.

तटबंदी किती मोठी आहे? कुठून सुरुवात करावी?

इझनिकला एकच गोष्ट करायला वेळ असेल तर हीच करा. तट जवळजवळ पाच किलोमीटरचा आहे, ठिकठिकाणी दहा मीटरच्या आसपास उंच, शंभरावर बुरूज. २५८ च्या सुमाराला गॉथ टोळ्यांनी शहर लुटलं, जाळलं. त्यानंतर घाईघाईने हा तट उभा राहिला आणि दुसऱ्या क्लॉडियसच्या काळात (२६८–२७०) पुरा झाला. तेराव्या शतकात बाहेरून आणखी एक भिंत चढली. आपल्याकडचे गिरिदुर्ग बघितलेल्याला हे वेगळं वाटेल. इथे डोंगराचा आधार नाही, सपाटीवरचं गाव आहे, त्यामुळे सगळी भिस्त भिंतीवर आणि पश्चिमेच्या तळ्यावर.

सुरुवात उत्तरेच्या इस्तंबूल दरवाज्यापासून करा. तिथे आत दगडी मुखवटे बसवलेत, वटारलेल्या डोळ्यांचे, बहुधा जुन्या रोमन नाट्यगृहातून आणलेले. मग तटाला डावीकडे ठेवून पूर्वेच्या लेफ्के दरवाज्याकडे चला. इथे घाई करू नका. भिंतीत हात घालाल तिथे जुन्या शहराचे तुकडे सापडतात. आडवा झोपवलेला संगमरवरी खांब, ज्याचं गोल तोंड तेवढं बाहेर दिसतं. उलटा बसवलेला ग्रीक शिलालेख. मधूनच एखादी कोरीव पट्टी, आणि तिच्या वर-खाली लाल विटांचे थर. गॉथ येऊन गेले होते, पुन्हा येतील ही भीती होती, म्हणून मिळेल तो दगड भिंतीत गेला. ती भीती अजून त्या दगडांत दिसते, मला तरी दिसली.

लेफ्के दरवाजा मुळात पहिल्या शतकातली रोमन कमान आहे. नंतरचा तट तिच्याभोवती येऊन मिळाला. दरवाज्याबाहेर जुना पाणी आणणारा नळमार्ग आणि कबरस्तान आहे. दक्षिणेचा येनिशेहिर दरवाजा बराच ढासळलाय. पश्चिमेच्या तळ्याकडच्या दरवाज्याचं फारसं काही उरलेलं नाही. पूर्ण फेरीला तीन तास धरा. गाव सपाट असल्याने ज्येष्ठांनाही जमतं, पण तटावर चढू देऊ नका, दगड सुटे आहेत.

चारही दरवाजे एका जागेवरून दिसतात हे खरं?

भूगोलकार स्ट्रॅबोने तसं लिहून ठेवलंय. शहर चौकोनी, रस्ते काटकोनात, आणि व्यायामशाळेच्या मध्यावरच्या एका दगडावर उभं राहिलं की चारही दरवाजे दिसत. आजचा तट त्याच्या नंतरचा आहे, पण रस्त्यांची ती आखणी टिकली. आयासोफ्याच्या चौकात उभे राहा, रस्ते चारी दिशांना सरळ जातात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वर्णनाचा नकाशा हातात धरून चालता येईल अशी गावं फार नाहीत.

इझनिक राजधानी कधी होती?

दोनदा. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुलेमान या सेल्जुक सरदाराने शहर घेतलं आणि ते रूमच्या सल्तनतीची, म्हणजे अनातोलियातल्या सेल्जुक राज्याची, राजधानी झालं. १०९७ च्या पहिल्या धर्मयुद्धात युरोपीय फौजांनी त्याला वेढा घातला. सुलतान किलिच अर्सलान तेव्हा दूर पूर्वेला मोहिमेवर होता. तट फुटेना, आणि तळ्यातून शहराला रसद पोहोचत राहिली. मग बायझंटाइन सम्राटाने समुद्रकाठाहून बोटी जमिनीवरून ओढत तळ्यात आणवल्या. आपल्या तळ्यात शत्रूच्या बोटी बघून आतल्यांचा धीर सुटला. १९ जूनला सकाळी धर्मयोद्धे हल्ल्याच्या तयारीत असताना बुरुजांवर बायझंटाइन निशाणं फडकलेली दिसली. शहराने रातोरात सम्राटाच्या माणसांशी बोलणी करून दरवाजे उघडले होते. लुटीची आस धरून बसलेले धर्मयोद्धे संतापले, पण शहर कत्तलीतून वाचलं. गावातल्या मुख्य रस्त्याला आज त्याच किलिच अर्सलानचं नाव आहे.

दुसऱ्यांदा १२०४ मध्ये. लॅटिन फौजांनी, म्हणजे पश्चिम युरोपातल्या धर्मयोद्ध्यांनी, कॉन्स्टंटिनोपल लुटलं तेव्हा थिओडोर लास्कारिस हा बायझंटाइन सरदार इथे आला, आणि १२६१ मध्ये कॉन्स्टंटिनोपल परत मिळेपर्यंत बायझंटाइन साम्राज्य इथून चाललं.

ऑटोमन काळातलं सगळ्यात जुनं काय बघता येतं?

हाजी ओझबेक मशीद, १३३३ ची. बांधकामाचं वर्ष कोरलेली ही सर्वांत जुनी ऑटोमन मशीद. एक घुमट, एक खोली, रस्त्याच्या कडेला. लोक तिच्यावरून पुढे निघून जातात. त्याच दशकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे येऊन गेला. शहर बरंचसं ओस पडलंय आणि सुलतानाची बेगम इथे राहते, असं त्याने लिहिलं.

पुढे येशिल जामी, म्हणजे हिरवी मशीद, १३७८ ते १३९१–९२. मिनारावर हिरव्या-निळ्या फरश्यांची नागमोडी नक्षी आहे. त्यातल्या बऱ्याच पुढच्या दुरुस्त्यांत बदललेल्या आहेत, तरी सकाळच्या उन्हात मिनार बघावा असा. समोरच १३८८ चं निलुफर हातून इमारेत, सुलतान पहिल्या मुरादने आईच्या नावाने बांधलेलं अन्नछत्र. १९६० पासून त्यात संग्रहालय होतं. राजाने आईची आठवण म्हणून उभारलेलं हे घर, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवण मिळे. मला इझनिकमधली ही सर्वांत मायेची इमारत वाटते.

इझनिकच्या फरश्यांत असं काय विशेष आहे?

तुर्कीत या कामाला 'चिनी' म्हणतात, चीनकडचं या अर्थाने. आपण 'चिनी माती' म्हणतो ते त्याच कारणाने. चिनी भांड्यांचं कौतुक सगळ्या जगाला होतं, आणि ती नक्कल करता करता इझनिकच्या कारागिरांनी वेगळंच काही घडवलं.

त्यांच्या फरशीत माती थोडी आणि दळलेली गारगोटी पुष्कळ. तिला धरून ठेवायला काचेची पूड आणि पांढरी माती. त्यामुळे पृष्ठभाग पांढराशुभ्र येतो. पंधराव्या शतकाच्या शेवटी फक्त कोबाल्ट निळा रंग वापरत. मग फिरोजी आला, त्यानंतर फिका हिरवा आणि जांभळट. १५५० च्या दशकात लाल आला आणि सगळं पालटलं. तो लोहयुक्त मातीचा रंग, दाट लावायचा, भाजल्यावर झिलईखाली किंचित उंचावलेला राहतो. चांगल्या फरशीवर डोळे मिटून बोट फिरवा, ट्यूलिपची लाल पाकळी बोटाला लागते.

रेखाटनाची पद्धत आपल्या ओळखीची आहे. नक्षी कागदावर काढून रेषेवर सुईने भोकं पाडतात, कागद फरशीवर ठेवून कोळशाची पूड फिरवतात, आणि ठिपके उमटतात. रांगोळीच्या छाप्यासारखंच. मग बारीक कुंचल्याने काळी बाह्यरेषा, आत रंग, वर झिलई, आणि भट्टी.

मग गावात जुन्या फरश्या दिसतच कशा नाहीत?

कारण त्या गावासाठी बनतच नव्हत्या. राजवाड्याची मागणी यायची, नक्षी इस्तंबूलच्या दरबारी चित्रशाळेतून यायची, आणि माल तिकडे जायचा. सोळाव्या शतकातली खरी इझनिक बघायची तर इस्तंबूलला मसाला बाजाराजवळच्या रुस्तम पाशा मशिदीत जा. सुलतान अहमद मशिदीत (१६०९–१६१७) वीस हजारांहून अधिक फरश्या आहेत, पण बऱ्याचशा उंचावर, दुर्बीण न्या. उरलेल्या लंडन, लिस्बनच्या संग्रहालयांत पोहोचल्या.

इझनिकला काय दिसतं, तर दुसऱ्या मुरादच्या हमामाशेजारी भट्ट्यांच्या उत्खननाची जागा. १९६० च्या दशकात प्राध्यापक ओक्ताय अस्लानापा यांनी इथल्या भट्ट्या खणायला सुरुवात केली. बिघडलेली, फेकून दिलेली, अर्धवट भाजलेली खापरं ढिगांनी निघाली. एकोणिसाव्या शतकात युरोपातले संग्राहक हीच भांडी ऱ्होड्स बेटाची म्हणून घेत होते. खापरांनी ती इझनिकची असल्याचं पक्कं केलं.

ही कला बंद का पडली? आज कुणी करतं का?

दरबार फरश्यांचे भाव ठरवून द्यायचा आणि महागाई वाढली तरी ते भाव वाढत नव्हते. राजवाड्याचं काम आधी, बाहेरचं नंतर, अशी सक्ती असे. सतराव्या शतकात बांधकामं घटली, लाल रंग मळका तपकिरी होत गेला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला उरलेले कारागीर इस्तंबूलच्या तेकफुर राजवाड्यातल्या कारखान्यात नेले गेले. त्यानंतर इझनिकच्या भट्ट्या विझल्या. बाहेर विकता आलं असतं तर कारागिरांनी ती टिकवली असती, असं मला मनापासून वाटतं.

१९९३ मध्ये इझनिक वक्फ ही संस्था स्थापन झाली आणि गारगोटीच्या फरश्या पुन्हा बनू लागल्या. आज गावात पुष्कळ छोट्या कार्यशाळा आहेत, त्यांत बायका मोठ्या संख्येने काम करतात. सुलेमान पाशा मदरशाच्या अंगणात चहा घेत कुंचला चालताना बघता येतो. बसा, बघा, विचारा. कुणी घाई करत नाही.

विकत घेताना काय बघावं? कुणी "जुना तुकडा" दिला तर?

गारगोटीची आहे का, हे थेट विचारा. साध्या मातीची आणि छापील नक्षीची फरशी खूप स्वस्त असते. ती घेण्यात गैर काही नाही, पण ती तेवढ्याच भावाने घ्या. हाताने काढलेली रेषा जाडी-बारीकीत बदलते, छापील रेषा बदलत नाही.

जुना तुकडा कुणी कितीही प्रेमाने दिला तरी घेऊ नका, आणि तटाजवळ पडलेलं खापरही उचलू नका. १९८३ च्या कायद्यानुसार पुरातन वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर सामानात अशी वस्तू सापडली तर प्रकरण अटकेपर्यंत जातं. नव्या फरशीची पावती मात्र जपून ठेवा.

रोमन नाट्यगृहात खास काय?

ते अपुरं, खचणारं बांधकाम म्हणून प्रसिद्ध झालं! या प्रांताचा राज्यपाल धाकटा प्लिनी याने सन ११० नंतर केव्हातरी सम्राट ट्राजनला पत्र लिहिलं: निकायाच्या नाट्यगृहावर एक कोटीहून अधिक सेस्टर्स (रोमन नाणी) खर्च झालेत, भिंतींना तडे गेलेत, आता काय करू? ट्राजनने उत्तर दिलं की जागेवर तू आहेस, तूच ठरव. उताराला टेकून बांधायला इथे डोंगर नाही, म्हणून प्रेक्षागृह कमानींवर पेललंय. त्या कमानींत उभं राहून प्लिनीची काळजी पटते.

प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिपार्कस इथलाच का?

हो, इसवी सनपूर्व १९० च्या सुमारास त्याचा जन्म निकायाचा. काम बहुतेक ऱ्होड्सला केलं. ताऱ्यांच्या नोंदी जुन्या नोंदींशी ताडून त्याने संपातचलन, म्हणजे पृथ्वीचा आस हळूहळू डोलत असल्याने संपातबिंदू सरकत राहणं, ओळखलं. ज्या कारणाने आपली मकरसंक्रांत डिसेंबरच्या अयनदिनापासून सरकत जानेवारीच्या मध्यावर आली, तेच हे चलन. त्याचं स्मारक शोधत फिरू नका, बघण्यासारखं काही नाही.

इस्तंबूलहून एका दिवसात होतं का? कसं जायचं?

होतं, पण राहा. येनिकापीहून यालोवाला जलद फेरी, तिथून मिनीबस. किंवा बुर्साहून मिनीबस, साधारण दीड तास. गाडी असेल तर उस्मानगाझी पुलावरून. एका दिवसात गेलात तर दुपारी पोहोचून संध्याकाळी निघावं लागतं, आणि तीच वेळ गमावता. गाव तळ्याच्या पूर्वेला आहे, म्हणजे सूर्य समोर पाण्यात मावळतो. अब्दुलवहाप टेकडीवर गेलात तर तळं, तट, छपरं सगळं एका नजरेत येतं.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. नोव्हेंबरात गेलात तर ऑलिव्हची तोड बघायला मिळते. व्हिसाचे नियम भारतीयांसाठी वारंवार बदलतात. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असला की सोपं जातं, तरी अधिकृत संकेतस्थळावर खात्री करा.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही. सकाळच्या न्याहारीत ऑलिव्ह, पांढरं चीज, टोमॅटो-काकडी, मध आणि ताजा पाव असतो. चीज किंवा पालक भरलेलं ग्योझलेमे म्हणजे तव्यावरची पातळ पोळीच. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या मागा. मसुराचं सूप सगळीकडे मिळतं, पण ते कधीकधी मांसाच्या रश्शात करतात. "इचिंदे एत सुयू वार मी?" (यात मांसाचा रस्सा आहे का?) एवढं वाक्य पाठ करून जा. मासे खाणाऱ्यांसाठी तळ्यातला यायिन, म्हणजे गोड्या पाण्यातला मोठा मिशाळ मासा आहे.

नेहमीच्या यादीत नसलेलं काही सांगाल?

बेश्ताश. गावाबाहेर काही किलोमीटरवर, शेतात उभा असलेला त्रिकोणी दगडी स्तंभ, सुमारे १२ मीटर उंच. पहिल्या शतकातल्या कॅसियस फिलिस्कस या माणसाच्या थडग्यावरचा. बेश्ताश म्हणजे पाच दगड, वरचे पाच तुकडे मोजता येतात. रिक्षासारखं काही मिळत नाही, टॅक्सी ठरवा आणि थांबवून ठेवा. आम्ही गेलो तेव्हा आजूबाजूला ऑलिव्हची झाडं होती आणि एक आजी खाली पडलेली फळं टोपलीत वेचत होत्या. स्तंभाकडे बोट दाखवल्यावर त्यांनी मान डोलावली, मूठभर ऑलिव्ह माझ्या हातावर ठेवले, आणि झाडावरून तोडलेलं फळ कच्चं खायचं नसतं, फार कडू असतं, हे चेहरा वाकडा करून दाखवलं.